मॅक, विंडोज आणि अडतीस क्विंटल धान

'मॅक घेऊ की विंडोज?' पुण्या-मुंबईत हा स्टाइलचा प्रश्न असतो. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र तो ऊन, वीज, अंतर आणि अंगठा यांचा प्रश्न होतो. एकाच गोतावळ्यातल्या तीन खरेद्यांचा हा रोखठोक हिशेब.

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन वाद कधीच संपत नाहीत. पहिला, पुणे चांगलं की मुंबई. दुसरा, मॅक भारी की विंडोज. दुसऱ्या वादातले दोन्ही बाजूंचे डायलॉग तर आता पाठ झालेत. 'अरे, एका मॅकच्या पैशात दोन लॅपटॉप येतात!' 'हो, पण ते दोन्ही मिळून एका मॅकएवढे टिकत नाहीत!' मग कुणीतरी हळूच लिनक्सचं नाव काढतो आणि सगळे आपापला चहा उचलून जागेवर जातात.

माझं काम या वादाच्या अगदी मधोमध आहे. पुण्यातल्या एका कंपनीत मी खरेदी विभागात आहे. वर्षाकाठी दीडएकशे लॅपटॉपच्या ऑर्डरी माझ्या सहीने जातात. आणि माहेर चंद्रपूरचं. त्यामुळे वर्धा नदीपासून इंद्रावतीपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात कुणालाही कॉम्प्युटर घ्यायचा झाला, की पहिला फोन मला येतो.

2025 मध्ये असे तीन फोन आले. अहेरीहून भाऊजींचा, वडशाहून आतेभावाचा आणि मूलहून मावसबहिणीचा. (मूल हे तालुक्याच्या गावाचं नाव आहे. बाळाचा संबंध नाही!) तिघांचा प्रश्न एकच होता, उत्तरं मात्र सारखी निघाली नाहीत. कारण कॉम्प्युटरची किंमत खोक्यावर छापलेली असते, पण त्याची व्हॅल्यू ते खोकं कुठल्या गावात उघडलं जातं यावर ठरते.

खोक्यावरची किंमत

आधी साधे आकडे बघू. अ‍ॅपलचा एम-4 चिपवाला मॅकबुक एअर मार्च 2025 मध्ये आला तेव्हा भारतात त्याची किंमत होती 99,900 रुपये. त्याच वर्षी ऑफिसच्या रोजच्या कामाला पुरेल असा बरा विंडोज लॅपटॉप आमच्या घरच्यांना 45 हजारांच्या आसपास मिळत होता. म्हणजे 'एकात दोन' हा डायलॉग अगदीच खोटा नाही.

पण आमच्याकडे रुपयांपेक्षा धानाचं माप लवकर समजतं. 2025-26 च्या खरिपासाठी साधारण प्रतीच्या धानाचा हमीभाव होता क्विंटलला 2,369 रुपये. म्हणजे विंडोज लॅपटॉप म्हणजे 19 क्विंटल धान आणि मॅक म्हणजे 42 क्विंटल. असं मांडलं की 'थोडं बजेट वाढव ना' हे वाक्य तोंडातून सहज निघत नाही.

आता गंमत बघा. आपण पगारदार मंडळी ही छापील किंमत कधी पूर्ण भरतो का? क्रेडिट कार्डावर कॅशबॅक, बिनव्याजी हप्ते, जुन्या मशीनचा एक्स्चेंज, दिवाळी सेल… करता करता आठ-दहा हजार सहज सुटतात. ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, क्रेडिट कार्ड नाही आणि जो धान विकून आलेली रोकड घेऊन दुकानात उभा आहे, तो मात्र छापील आकड्याच्या जवळपासच पैसे मोजतो. एकच मशीन, पण ज्याला परवडतं त्यालाच स्वस्त!

पाच वर्षांचा ताळेबंद

मॅकवाल्यांचा हुकमी मुद्दा असतो, 'सुरुवातीला महाग, पण पुढे वसूल'. हा मुद्दा मी घरच्या घरी तपासला. 2020 च्या शेवटी मी एम-1 चिपचा मॅकबुक एअर घेतला, 92,900 रुपयांना. त्याच सुमारास नवऱ्याने 46,000 चा विंडोज लॅपटॉप घेतला. फरक चक्क 46,900 चा.

पाच वर्षांत माझ्या मशीनवर दुरुस्तीचा खर्च शून्य. 2025 मध्ये ते विकलं तेव्हा 32,000 आले. म्हणजे निव्वळ खर्च 60,900, वर्षाला 12,180. नवऱ्याच्या लॅपटॉपला मध्ये रॅम वाढवली (3,000), बॅटरी बदलली (4,200) आणि बिजागरी तुटली ती दुरुस्त केली (1,800). विकताना 9,000 मिळाले. निव्वळ खर्च 46,000, वर्षाला 9,200. सुरुवातीचा जवळपास 47 हजारांचा फरक शेवटी 14,900 वर आला. महिन्याला अडीचशे रुपये. पुण्यात एका वीकएण्डच्या कॉफीचे!

पण थांबा. हा ताळेबंद पुण्याचा आहे. माझा जुना मॅक दोन दिवसांत विकला गेला, कारण इथे सेकंडहँड मॅक शोधणारे ढिगाने आहेत. एटापल्लीत किंवा भामरागडला तोच मॅक विकायला काढला तर घेणार कोण? रिसेल व्हॅल्यू मशीनच्या आत नसते, ती आजूबाजूच्या गिऱ्हाइकांमध्ये असते. गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर ते 32,000 गेले, आणि मॅकचा वर्षाचा खर्च थेट 18,580 झाला. विंडोजच्या जवळपास दुप्पट.

'हे अंगठा घेते का?'

अहेरीचे भाऊजी सेवा केंद्र चालवतात. फॉर्म भरणं, दाखले काढून देणं, सातबाऱ्याची प्रिंट आणि आधारवर पैसे काढून देणं ही रोजची कामं. बाजाराच्या दिवशी लॅपटॉप घेऊन ते आसपासच्या गावांतही जाऊन बसतात. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की 'मॅक घ्या, दहा वर्षं बघायला नको.' मी बोलायला लागले तर त्यांनी मध्येच तोडलं. 'ते सारं राहू दे. मले एवढंच सांग, हे अंगठा घेते का?'

बॉस, मी आजवर वाचलेल्या एकाही लॅपटॉप-रिव्ह्यूमध्ये हा प्रश्न नव्हता! आणि भाऊजींच्या धंद्यात हाच प्रश्न पहिला आहे. बोटांचे ठसे घेणारं छोटं यंत्र आधारशी बोलतं ते एका ठरावीक सॉफ्टवेअरमार्फत. ही सॉफ्टवेअरं प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनतात. अंगठा घेतला नाही, तर लाखाचं मशीनसुद्धा त्या टेबलावर नुसता शोपीस.

इथे आणखी एक मेख आहे. जून 2024 पासून स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेच्या चिपचे विंडोज लॅपटॉप बाजारात आले. बॅटरी जोरदार, मशीन थंड. नागपूरच्या एका दुकानदाराने भाऊजींना तोच गळ्यात मारायचा प्रयत्न केला. पण त्या चिपची रचना वेगळी असते, मोबाइलच्या चिपसारखी. साधी सॉफ्टवेअरं त्यावर रूपांतर होऊन चालतात, पण यंत्राचा ड्रायव्हर खास त्या चिपसाठी लिहिलेला लागतो. ठसे घेणारं यंत्र, जुना प्रिंटर, स्कॅनर यांचे असे ड्रायव्हर मिळतीलच याची खात्री नाही. म्हणजे स्क्रीनवर विंडोज दिसतं, पण अंगठा घेईलच असं नाही!

भाऊजींनी साधा इंटेलवाला विंडोज लॅपटॉप घेतला, 44,000 चा. रॅम बदलता येते, बॅटरी मिळते आणि मुख्य म्हणजे बिघडला तर उघडून बघणारा माणूस गावातच आहे. पुण्यात माझ्या ऑफिसमध्ये लॅपटॉप बंद पडला, तर खालच्या मजल्यावरून दहा मिनिटांत दुसरा येतो. अहेरीहून गडचिरोलीच शंभरावर किलोमीटर, आणि नागपूर त्याच्याही पुढे 170 च्या आसपास. सिरोंच्याच्या माणसाला तर तेलंगणातलं मंचेरियाल नागपूरपेक्षा जवळ पडतं. मशीन 'सर्व्हिसला दिलं' म्हणजे तेवढे दिवस शटर बंद. ही किंमत कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते.

वडशाची फाइल उघडत नाही, राव!

आतेभावाचं प्रकरण वेगळंच. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला, की गावोगावी रात्र-रात्र नाटकं रंगतात, आणि प्रत्येक नाटकाला पोस्टर, बॅनर, हँडबिलं लागतात. आतेभाऊ हेच डिझाइनचं काम करतो. डिझाइनर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चकचकीत मॅक येतो. त्यालाही तोच हवा होता.

मी म्हटलं, आधी तुझी हार्डडिस्क उघड. पंधरा वर्षांच्या फाइली, सगळ्या कोरलड्रॉच्या. कोरलड्रॉ 2019 पासून पुन्हा मॅकवर मिळायला लागलं आहे, पण त्याचा परवाना नव्याने विकत घ्यायचा. शिवाय त्याच्या फाइलींतला मराठी मजकूर युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टांमध्ये टाइप केलेला. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली, की नायकाच्या नावाऐवजी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! आणि त्याची बोटं त्याच जुन्या कीबोर्डावर पळतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला ही अडचण नाही, बरं का. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि युनिकोड मराठी आता विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर फुकट मिळतं. पण आतेभावासाठी मशीन बदलणं म्हणजे पंधरा वर्षांचं दुकान नव्या गावात हलवणं. हा हलवण्याचा खर्च लॅपटॉपच्या किमतीपेक्षा मोठा होता. तो विंडोजवरच राहिला आणि उरलेल्या पैशांत त्याने मोठा, रंग नीट दाखवणारा मॉनिटर घेतला. पोस्टरवाल्याला तो जास्त कामाचा.

राज्याला वीज, घरात अंधार

आता सगळ्यांनाच लागू असलेली गोष्ट, ऊन. मे 2019 मध्ये चंद्रपूरचा पारा 47 अंशांच्या पुढे गेला होता. 45 तर आमच्याकडे बऱ्याच उन्हाळ्यांत असतंच. आणि अ‍ॅपल आपल्या मॅकबुकसाठी वापराचं तापमान किती सांगते? 10 ते 35 अंश! विंडोजवाल्यांचं माहितीपत्रक उघडा, तिथेही वरची मर्यादा बहुतेक वेळा 35 ते 40 च्या घरात. म्हणजे दोन-अडीच महिने आमच्याकडचं दुपारचं हवामान दोघांनाही झेपणारं नाही.

मॅकबुक एअरला पंखाच नसतो. त्यामुळे चंद्रपूरची धूळ आणि कोळशाची भुकटी आत ओढली जात नाही, हा प्लस पॉइंट. पण तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो. विंडोज लॅपटॉपला पंखा असतो, तो गरम हवा बाहेर फेकतो खरा, पण धूळही आत घेतो. वर्षातून एकदा उघडून साफ केला नाही तर तोच पंखा घशाला मफलर बांधल्यासारखा घुसमटतो. आणि हो, कूलरच्या थेट झोतात कुठलाच लॅपटॉप ठेवू नका. ती हवा गार असते, पण ओलसर असते.

उन्हाचा सगळ्यात मोठा मार बसतो बॅटरीला. लिथियम बॅटरी गरम जागेत, तीही पूर्ण 100 टक्के चार्ज ठेवली, तर लवकर म्हातारी होते. आजकाल बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते. उन्हाळ्यात ती चालू करा. फुकटात आयुष्य वाढतं.

मग वीज. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॅटचं. अर्ध्या महाराष्ट्राचे एसी आमच्या कोळशावर चालतात असं आम्ही अभिमानाने सांगतो. पण जंगलातून गेलेल्या तारांवर वादळात एखादं झाड पडलं, की आतल्या गावांत तासन्‌तास अंधार. अशा ठिकाणी बॅटरी ही चैन नाही, ती रोजीरोटी आहे. आणि इथे, खरं सांगायचं तर, एम मालिकेच्या चिपवाला मॅक बाजी मारतो.

मूलची बहीण आणि 38 क्विंटल

मावसबहीण शेवटच्या वर्षाला आहे आणि मूलमध्ये घरी बसून पुण्यातल्या एका स्टुडिओसाठी व्हिडिओ एडिटिंग करते. व्हिडिओमागे पैसे, आणि डेडलाइन चुकली की पैसे नाहीत. तिला 45 हजारांचा लॅपटॉप पुरत नव्हता. एडिटिंगला चालेल असा ग्राफिक कार्डवाला विंडोज लॅपटॉप 84,000 ला मिळत होता. दुसरीकडे मॅकबुक एअर विद्यार्थी सवलतीत 89,900 ला.

लक्षात आलं का? 'मॅक महाग' हे वाक्य 45 हजारांच्या कामाला खरं आहे, 85 हजारांच्या कामाला नाही. वरच्या पट्टीत दोघं खांद्याला खांदा लावून उभे असतात. मॅकमध्ये 256 जीबीच जागा, ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून बाहेरची डिस्क आणखी 7,500 ची. तरी फरक राहिला 13,400 चा. तिचं एडिटिंग सॉफ्टवेअर, दा विंची रिझॉल्व्ह, तिन्ही सिस्टिमवर फुकट मिळतं. म्हणजे सॉफ्टवेअरचा प्रश्न बाद.

शेवटी निर्णय लावला विजेने. तो ग्राफिकवाला लॅपटॉप चार्जर काढला की मंद होतो आणि एडिटिंग करताना दोन तासांत मान टाकतो. मॅक तिच्याकडे लाइन गेल्यावरही सहा तास तेवढ्याच वेगाने काम करतो. जुन्या मशीनवर महिन्याला दोनतीन व्हिडिओ लाइन गेल्याने हुकायचे. ते वाचले की तेरा हजार किती दिवसांचे?

धोका एकच, बिघडला तर नागपूर. म्हणून तिने पहिल्या दिवसापासून दोन नियम केले. रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप आणि जुना लॅपटॉप विकायचा नाही, अडचणीला ठेवायचा. मावसाजींनी पैसे दिले, धानाचे. नवा लॅपटॉप उघडून ती ओसरीत बसली तेव्हा ते शेजाऱ्यांना म्हणाले, 'पोरगी अडतीस क्विंटल धान मांडीवर घेऊन बसली ना, बाप्पा!' त्यात कौतुक किती आणि काळजी किती, हे ज्याने धान मोजलंय त्यालाच कळेल. तिने पहिल्या तीन महिन्यांत 12 क्विंटलांचे पैसे परत केले आहेत. हिशेब वहीत मांडलेला आहे, क्विंटलातच.

जुनं ते भंगार नव्हे

लिनक्सला मी सुरुवातीला चिडवलं, पण त्याची खरी जागा इथेच आहे. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलची आठव्या पिढीची किंवा त्यानंतरची चिप आणि टीपीएम 2.0 लागतं. त्यामुळे कितीतरी धडधाकट मशीन कागदावर म्हातारी ठरली. इंटेलच्या मॅकचीही तीच गत. 2025 ची मॅक ओएस त्यांच्यासाठी शेवटची, असं अ‍ॅपलने जाहीर केलं.

भाऊजींच्या जुन्या डेस्कटॉपवर आम्ही लिनक्स मिंट टाकलं. खर्च शून्य. भाचे त्यावर अभ्यास करतात, मराठी टाइप करतात. केरळच्या सरकारी शाळा तर वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकवतात. आपल्याकडे 2001 पासून एमएस-सीआयटीने घराघरांत विंडोजच पोचवलं, त्यामुळे शेजारीपाजारी विचारायला माणूस मिळतो तो विंडोजचाच. हासुद्धा व्हॅल्यूचाच भाग. लिनक्स फुकट आहे, पण अडलं तर विचारायचं कुणाला, याचं उत्तर आधी तयार ठेवा.

चौकट : घेण्याआधी पाच प्रश्न

1. ज्या एका कामावर पोट चालतं, ते या मशीनवर चालतं का? जुनं यंत्र सोबत नेऊन दुकानातच जोडून बघा.
2. घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी आहे का, आणि ती 442605 सारख्या गडचिरोलीच्या पिनकोडला लागू आहे का? हे लेखी घ्या.
3. रॅम आणि डिस्क नंतर वाढवता येते का? येत नसेल तर आजच मोठी घ्या.
4. लाइन गेल्यावर तुमचंच काम किती तास चालतं? जाहिरातीतले तास व्हिडिओ बघण्याचे असतात.
5. पाच वर्षांनी हे तुमच्या गावात कोण विकत घेईल? नाव सुचत नसेल तर रिसेल शून्य धरा.

आता तुमच्याकडेही असे फोन येत असतील. गावाकडच्या भावाला, मामेबहिणीला तुमच्या शब्दावर लाखभर रुपये टाकायचे असतात, आणि ते बहुधा एखाद्या पिकाचे किंवा मोडलेल्या एफडीचे असतात. आपल्या डेस्कवर जे शोभतं ते त्यांना सुचवणं सोपं आहे. तसं करू नका. ब्रँड सांगण्याआधी पिनकोड विचारा.